सोळा नंबरच्या पैशाचं चीज

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ५.४०
पाचला उठायचं ठरलं होतं. चाळीस मिनिटं इकडेतिकडे चालतात. पहिलाच दिवस आहे.
आजपासून रोजनिशी. कारण शुक्रवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून नवीन काम दिलं. सोळा नंबरची बस. डेपो ते खाणवस्ती, दिवसाला चार फेऱ्या. खाण बंद पडून अकरा वर्षं झाली, बस मात्र सरकारी अनुदानावर चालूच आहे. या पैशाचं चीज होतंय का, हे पाहून पाच आठवड्यांत रिपोर्ट द्यायचा. आमच्या विभागाचं कामच ते. बाकीचे ऑडिटवाले बघतात, पैसा चोरीला गेला का. आम्ही बघतो, चोरीला न जाताही वाया गेला का. हे जास्त अवघड असतं.
मॅडम म्हणाल्या, तुम्हालाच देतेय, कारण बाकी सगळे बिझी आहेत. एकतीस वर्षांच्या सर्व्हिसनंतर असा विश्वास मिळतो.
संकल्प: रोज पाचला उठणे. स्वयंपाक शिकणे. रिपोर्ट तीन आठवड्यांत संपवणे. सौ. परत येईल तेव्हा तिला घर आणि मी, दोन्ही चकाचक दिसायला हवेत. ती दोन महिन्यांसाठी मुलीकडे गेली आहे, नातवाला सांभाळायला. परवा चौदा महिने झाले.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
पाहणी गुप्तपणे करायची ठरवली. ऑडिटर आलाय म्हटलं की लोक शहाण्यासारखे वागायला लागतात आणि आकडे बिघडतात. म्हणून वेषांतर: टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात वही. कुणी विचारलंच तर पक्षीनिरीक्षक. दुर्बीण मुलीची, शाळेतली. एकाच डोळ्याने दिसतं. मोजायला एक डोळा पुरतो.
सकाळी ९.१०ची फेरी. किमान बारा प्रवासी असावेत असा नियम. होते दोन. त्यातला एक तिसऱ्या स्टॉपला उतरला. चुकीच्या बसमध्ये चढला होता.
कंडक्टरबाई चाळिशीच्या. आवाज असा की बसला हॉर्नची गरज नाही. म्हणाल्या, काका, कुठे? (काका!) मी म्हटलं, शेवटपर्यंत. तिथे काय आहे? पक्षी. त्यांनी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, हे पक्षी बघायला आलेत बरं का. ड्रायव्हर खोकला. तो एकूणच खोकल्यातून बोलतो. दोघांना तिळमात्र संशय आला नाही.
उरलेला प्रवासी म्हणजे एक रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. पंचाहत्तरीचे. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत वर्तमानपत्र. खाणीचं जुनं हॉस्पिटल आता शुश्रूषागृह आहे, तिथे त्यांची बायको असते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. मास्तर रोज जातात, संध्याकाळी परत येतात.
हिशेब मांडला. मास्तरांना एकदा बायकोपर्यंत पोचवायला सरकारचे जेवढे पैसे जातात, तेवढ्यात त्यांना टॅक्सीने नेऊन, आणून, टॅक्सीवाल्याला चहा पाजूनही चार पैसे उरतील. उघडंनागडं प्रकरण. तीन आठवडे कशाला, दहा दिवस पुरेत.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
ऑडिटरने प्रवाशांपासून अंतर राखावं. आज मास्तरांच्या शेजारी बसलो, कारण त्या बाजूला ऊन होतं.
मास्तर त्यांच्या मिसेसना रोज पेपर वाचून दाखवतात. त्यांना बोलता येत नाही, पण डावा हात चालतो. पटलं तर पलंगावर एक थाप, नाही पटलं तर दोन. अग्रलेखाला रोज दोन. मास्तरांनी स्वतःचं मत सांगितलं की तिसरी, ती मास्तरांच्या गुडघ्यावर. मी म्हटलं, मग कशाला वाचता? म्हणाले, एकावन्न वर्षांचं भांडण आहे, असं मध्येच सोडून कसं चालेल?
मुद्दा नोंदवून ठेवला. रिपोर्टच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.
रात्रीचं जेवण: अंडी उकडायला ठेवली आणि आकडेमोड करत बसलो. पाणी आटलं. भांडं गेलं. अंडी मात्र शिजली होती, हे नमूद करतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर
सौ.चा फोन. मी बसचं सगळं सविस्तर सांगितलं, प्रति प्रवासी प्रति किलोमीटर खर्चासकट. ती हूं हूं करत होती, म्हणजे ऐकत होती. मग म्हणाली, नातू रडतोय, ठेवते. नातू रडायला लागला की हल्ली पाठीमागे टीव्हीवरच्या बातम्यांसारखा आवाज येतो. एकूण चार मिनिटं. मागच्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त.

सोमवार, १३ ऑक्टोबर
आतापर्यंतची सरासरी: पावणेदोन.
कंडक्टरबाईंनी आज तिकीट देताना विचारलं, काका, हे मोजून झालं... म्हणजे पक्षी मोजून झाले की पुढे काय? मी सावधपणे म्हटलं, फारच कमी भरले तर ती जागा बंद करतात. त्या म्हणाल्या, मग जे थोडे असतील त्यांनी जायचं कुठे? मी म्हटलं, ते धोरणात बसत नाही.
बाई तडक पुढे गेल्या आणि खाणवस्तीपर्यंत ड्रायव्हरशी कुजबुजत राहिल्या. पाखरांबद्दल एवढा कळवळा आजकाल कुठे दिसतो!
उतरताना त्यांना सहज सुचवलं की डेपोत सोळा नंबरचं वेळापत्रक ठळक अक्षरात चिकटवा. लोकांना माहीतच नसेल तर येणार कसे? ड्रायव्हर खोकला.

बुधवार, १५ ऑक्टोबर
प्रवासी: नऊ!

गुरुवार, १६ ऑक्टोबर
चौदा. वेळापत्रक चिकटवल्याचा परिणाम. नुसत्या एका सूचनेने! (वेळापत्रक अजून चिकटवलेलं दिसलं नाही. पण बातमी तोंडोतोंडी पसरली असणार.)
ऑफिसात कुणालातरी सांगावं असं वाटलं. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ ऑगस्टमध्येच रिटायर झाले. त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटरचे कागद ठेवतात. बाकीचे डबा खायला एकत्र बसतात, पण मी गेलो की त्यांचं संपलेलं असतं. शेवटी लिफ्टमध्ये एकाला म्हटलं, चौदा झाले. तो म्हणाला, नाही, अजून पाचवाच आहे.

सोमवार, २० ऑक्टोबर
तेवीस! अठरा सीटांची छोटी बस, पाच जण उभे!
आणि माणसं किती लाघवी. एक भरदार मिशांचे रिटायर्ड वॉचमन आहेत, ते मला खिडकीची जागा धरून ठेवतात. एक आजी आहेत, त्या विणत असतात. आजींना बस लागते. मांडीवर कायम प्लॅस्टिकची पिशवी, हातात लिंबू, डोळे मिटलेले. तरी सकाळ-संध्याकाळ येतात. म्हणजे बसची गरज किती तीव्र असेल!
सगळ्यांना विचारलं, प्रवास कशासाठी? वॉचमन म्हणाले, शेवटपर्यंत जायचं आणि परत यायचं. कामासाठी? म्हणाले, हवा चांगली आहे तिकडची. बाकीचे माना डोलावत होते. रिपोर्टसाठी टिपण: खाणवस्तीत पर्यटनाला मोठा वाव.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
आज सत्तावन्न पूर्ण. बसमध्ये अगदी ओघात उल्लेख केला. (दोनदा. पहिल्यांदा बस खड्ड्यातून गेली म्हणून ऐकू गेलं नसावं.)
सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. आजींनी विणत होत्या तो मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. राखाडी रंगाचा, एका टोकाला अजून सुई अडकलेली. वॉचमननी खणखणीत आवाजात दीर्घायुष्य चिंतलं. कंडक्टरबाई म्हणाल्या, साहेब, असेच नेहमी येत राहा. साहेब! मी वेषांतर करूनसुद्धा. माणसाचं व्यक्तिमत्त्व लपत नाही ते नाहीच.
मास्तर एकटेच खिडकीबाहेर बघत होते. टाळ्याही वाजवल्या नाहीत. थोडा आतल्या गाठीचा माणूस आहे.
सौ.चा फोन आला नाही. तिकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो. मुलीचा मेसेज आला, त्यात केकचं चित्र होतं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर
ऑडिटचा नियम: किती दिवस पाहणी करायची ते आधी ठरवावं आणि त्यावर ठाम राहावं. दोन आठवडे ठरले होते. चौथा चालू आहे. नमुना जितका मोठा तितका निष्कर्ष भक्कम. शिवाय आज वॉचमननी त्यांच्या गुडघ्याची पूर्ण हकिकत सांगितली, ती अर्धीच राहिली आहे.
सुट्टीच्या दिवशी घरात फार शांत असतं. फ्रिजची मोटर बंद झाली की कळतं, इतका वेळ ती चालू होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दुपारी ४
रिपोर्ट दिला. बेचाळीस पानं. पहिले दिवस "पूर्वतयारीचा काळ" म्हणून वगळले. उरलेल्या दिवसांची सरासरी एकवीस. निष्कर्ष: खर्चाचं पुरेपूर चीज होत आहे. मॅडमनी शेवटचं पान आधी वाचलं. म्हणाल्या, आकडे बोलके आहेत. एकतीस वर्षांत माझ्या आकड्यांना कुणी बोलकं म्हटलं नव्हतं. वाटतं, परिषदेत पेपर वाचायला बोलावतील. कोट ड्रायक्लीनला टाकला.

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळी ६
आज कामाविना गेलो. मुद्दाम. सगळ्यांना खरं सांगायचं ठरवलं होतं की मी पक्षीवाला नाही, आणि तुमची बस मी वाचवली. क्रीमच्या बिस्किटांचा मोठा डबा घेतला, पंचवीस जणांना पुरेल असा. मफलर घातला.
बसमध्ये मास्तर होते. आणखी कुणी नव्हतं.
कंडक्टरबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, साहेब? अजून संपलं नाही का तुमचं? मी म्हटलं, काय? त्या म्हणाल्या, मोजणं. तुमच्या ऑफिसचं पत्र आलं होतं ना आधीच. फोटोसकट.
फोटोसकट!
मग ड्रायव्हर बोलला. पहिल्यांदाच. म्हणाला, सांगून टाक आता.
बाईंनी सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ, म्हणजे वॉचमन. भावाच्या चाळीतली माणसं. शेजारणी, शेजारणींच्या सासवा. ज्याला जसा वेळ असेल तसा तो येऊन बसायचा, शेवटपर्यंत जायचा आणि परत यायचा. तिकिटाचे पैसे बाई आणि ड्रायव्हर, दोघांनी पगारातून भरले. बस बंद झाली तर त्यांना दुसऱ्या रूटवर टाकतील, त्यांचं काही अडणार नाही. पण मास्तर कसे जाणार?
मी आजींबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांना बस सोसत नाही हो, साहेब. तुमच्यासाठी साडेतीन आठवडे ओकल्या बिचाऱ्या.
मास्तर म्हणाले, मी सांगत होतो असं करू नका. माझं कुणी ऐकत नाही. घरातही तीच तऱ्हा.
मी हसून म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ड्रायव्हर खोकलासुद्धा नाही.
मास्तर उतरायच्या आत बिस्किटं फोडली. मास्तरांनी दोन घेतली, एक त्यांना, एक मिसेसना. बाकी घरी आणली. आत्ता अकरा खाऊन झाली आहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर
रिपोर्ट परत मागवणे, हे ऑडिटर म्हणून माझं कर्तव्य आहे. आजच. पण मॅडम मीटिंगमध्ये.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मॅडम जागेवर. पण त्या आनंदात दिसल्या. आनंदातल्या माणसाला अशा गोष्टी सांगू नयेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर
तब्येत बरी नाही. बिस्किटं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
नीट विचार केला. मी परत मागवला तर बस बंद. नाही मागवला तर बस चालू. एक माणूस त्याच्या बायकोला भेटतो, माझं काय जातं? आकडे खोटे आहेत, पण ती माणसं खरीच बसली होती. मी स्वतः मोजली आहेत. प्रकरण माझ्यापुरतं मिटलं. हलकं वाटतंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर
खात्याचं पत्र आलं. "लेखापरीक्षण अहवालानुसार सदर मार्ग पूर्ण क्षमतेने चालत असल्याने त्यास शासकीय अनुदानाची आवश्यकता राहिलेली नाही." अनुदान ३० तारखेपासून बंद. मार्ग खाजगी बसवाल्यांना खुला. त्यांनी आधीच येऊन डेपोतली वर्षभराची तिकीटविक्रीची वही बघितली आणि हात जोडले. पत्र तीनदा वाचलं. व्याकरणाची एकही चूक नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर
मॅडमना सगळं सांगितलं. सगळं. दुर्बिणीपासून. मला वाटलं चिडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, बसा. म्हणाल्या, बस भरलेली असेल तर अनुदान कशाला? आणि रिकामी असेल तर बस कशाला? तुम्ही मला यातला कोणता आकडा देताय?
मी म्हटलं, मास्तरांना टॅक्सी द्या. बसपेक्षा स्वस्त पडते, मी हिशेब केलाय. त्या म्हणाल्या, एका माणसाच्या टॅक्सीला बजेटमध्ये खर्चाचं हेड नाही. मी म्हटलं, मग काढा ना हेड. त्या म्हणाल्या, त्या हेडला नाव काय देऊ?
मला उत्तर सुचलं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.
वाजला नव्हता. नावच सुचलं नाही.
निघताना म्हणाल्या, हे लेखी देऊ नका, निर्णय बदलणार नाही आणि तुमचं पेन्शन अडकेल. मी लेखी दिलं. एक पान, हाताने लिहिलेलं. शिपाई म्हणाला, दोन प्रतींत लागतं. परत लिहिलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर
यावर उपाय सापडला. गाडी! पंधरा महिने खाली उभी आहे, सौ. गेल्यापासून. मास्तरांना मीच नेईन. रोज साडेआठला निघायचं, त्यांना सोडून ऑफिसला, संध्याकाळी घेऊन यायचं. वाटेत गप्पा. रविवारी मीही आत जाऊन बसेन, पेपर ऐकायला. मास्तरांच्या मिसेसना माझी मतं पटतील असं वाटतं. आठवड्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सोमवारपासून.

सोमवार, २४ नोव्हेंबर
बॅटरी बसली आहे. मेकॅनिक म्हणाला, बॅटरीच नाही, आत उंदरांनी वायरीही खाल्ल्यात. शुक्रवारी देतो. बस तीसपर्यंत आहे, म्हणजे वेळेचं गणित उत्तम जमतंय.

शनिवार, २९ नोव्हेंबर
गाडी मिळाली. धुतली. मास्तरांसाठी पुढच्या सीटवर उशी ठेवली. उद्या शेवटच्या बसने जाऊन त्यांना सांगणार.

रविवार, ३० नोव्हेंबर
शेवटची फेरी. मास्तर, मी, कंडक्टरबाई, ड्रायव्हर. आणि आजी! कुणी बोलावलं नव्हतं. लिंबू घेऊन आल्या होत्या. डोळे मिटूनच म्हणाल्या, शेवटची आहे म्हणून आले. मफलरचं टोक माझ्याकडून ओढून घेतलं आणि अर्धं राहिलं होतं ते बसमध्ये पुरं केलं. दोनदा थांबावं लागलं.
मास्तरांना गाडीचं सांगितलं. साडेआठ, उशी, रविवारचा पेपर, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, अहो, मी गुरुवारीच तिकडे खोली घेतली. खाणीच्या जुन्या क्वार्टरमध्ये. आज फक्त कपडे आणि स्टोव्ह न्यायला आलो होतो. खिडकीतून तिची खिडकी दिसते. आता ती रात्रीसुद्धा भांडू शकेल.
खरंच पायाशी स्टोव्ह होता. मी तो इतका वेळ पाहिलाच नव्हता.
म्हटलं, छान झालं. फारच छान. त्यांनी विचारलं, तुमच्या मिसेस कुठे असतात? मी नेहमीचं सांगितलं. नातू, दोन महिने, पंधरा महिने. ते म्हणाले, फार लांब आहे का? म्हटलं, चार तास. तिकडे बस जात नाही का?
जाते. दिवसाला सहा. सगळ्या भरलेल्या असतात.
खाणवस्तीला स्टोव्ह मी उचलला. हलका होता. कंडक्टरबाईंनी तिकिटाचं मशीन बंद केलं आणि सगळ्यांना चहा पाजला. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पक्षी कोणकोणते दिसले शेवटी? त्याला खोकल्याशिवाय हसता येतं, हे आज कळलं.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी ८
आज फोन मी केला. पहिल्यांदा. नाहीतर नेहमी तिचाच येतो. म्हटलं, रविवारी येतो तिकडे. गाडी घेऊन. दोन दिवस राहीन. चार राहीन.
नातू रडत नव्हता, टीव्हीही नव्हता, रेंज चांगली होती.
मग अगदी काळजीने म्हणाली, का हो, इकडे कसलं ऑडिट निघालं?